पाठ

पाणी प्यायला उठलो आणि पाय खाली टेकवला तो पाण्यात. रात्रीचे तीन वाजून गेले असतील. बाहेर पाऊस लागलेला. अंधारात, घरातल्या घरात तळव्याला पाणी लागलं की पोटात काय होतं ते सांगलीच्या माणसाला विचारावं. आम्ही विश्रामबागेत राहतो, आमच्या घरापर्यंत कृष्णा कधी आलेली नाही, हे डोक्यात शिरायला दोन श्वास जावे लागले. मग नळाचा आवाज ऐकू आला. संध्याकाळी पाणी गेलं होतं. अण्णांनी नळ उघडून बघितला आणि तसाच उघडा ठेवून दिला. रात्री कधी तरी पाणी आलं, बादली भरली, मोरीच्या जाळीवर नेमकं फडकं पडलेलं, आणि बाथरूमच्या दाराखालून पाणी पॅसेजमध्ये, पॅसेजमधून हॉलमध्ये, असं अगदी सावकाश निघालं होतं. दिवा लावला तर जेवणाच्या टेबलावर पुरी उभी. (पुरी म्हणजे आमची कुत्री. जेवणाच्या टेबलावर पुरी असण्यात एरवी सांगण्यासारखं काही नसतं, याची मला कल्पना आहे.) चारही पाय एका जागी गोळा केलेले, पाठीची कमान, शेपूट पोटाखाली, आणि टेबलाच्या कडेवरून एक बारीक धार खाली खुर्चीवर पडत होती. खुर्चीवर नववी ब च्या वह्या होत्या. 46. तपासून झालेल्या.

मी ओरडलो, "पुरीऽऽ!"

तिनं उडी मारली. ओल्या फरशीवर नखं सरकली, ती कुशीवर आपटली, उठली आणि दिवाणाखाली गेली. त्या दिवाणाखाली ती गेली पाच वर्षं गेली नव्हती. आतल्या खोलीतून बायको आली, म्हणाली, "ओरडताय कशाला? नळ बघा आधी." चारपर्यंत आम्ही दोघं पाणी ओढत होतो. वह्या पंख्याखाली पसरल्या. दुसऱ्या दिवशी वर्गात "नळ गळत होता रे" म्हणून वाटल्या. ते खोटं नव्हतं. पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं मात्र वही नाकाशी नेली, माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता दप्तरात टाकली. मुली फार समजूतदार असतात.

पण मला टोचत राहिलं ते वह्यांचं नव्हे. तो आवाज. माझा वर्गातला आवाज आहे तो, 29 वर्षं कमावलेला, शेवटच्या बाकाला ओलांडून खिडकीतून मैदानावर जाणारा. घरात तो आपण आणत नाही, निदान तिच्यासमोर तरी नाही, असा माझा समज होता. आणि तिच्याशी बोलताना घसा खाली आणायला मला किती महिने लागले होते, ते माझं मलाच ठाऊक आहे.

पुरात सापडली म्हणून पुरी. नाव आत्यानं ठेवलं. 2019 च्या ऑगस्टमधला पूर. आत्याचं घर गावभागात, दोन मजली. 2005 ला पाणी चौथ्या पायरीपर्यंत येऊन थांबलं होतं, त्यामुळे याही वेळी ते तिथंच थांबणार अशी आत्याची पाण्याशी बोलणी झाल्यासारखी खात्री होती. नेहमीसारखं धान्य वर नेलं, गॅस वर नेला, आणि माणसं गॅलरीत बसून पायऱ्या मोजत राहिली. पायऱ्या संपल्या. त्या वेळी कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं. आमच्याकडे 45 फूट म्हणजे धोक्याची पातळी, हे शेंबड्या पोरालाही पाठ असतं. पहिला मजला गेल्यावर मंडळी गच्चीवर आली तेव्हा त्यांच्या आधीच तिथं एक कुत्री येऊन बसली होती. कुणाची, कुठून आली, कुणास ठाऊक. रंग चहात बुडवलेल्या खारीसारखा. उजव्या कानाच्या टोकाला खाच. म्हणजे कधी तरी कुणी तरी जाळं टाकून हिला धरलं होतं, ऑपरेशन केलं होतं आणि परत सोडलं होतं. माणसाच्या हाताविषयी तिचं मत तिथंच कुठं तरी पक्कं झालं असणार.

9 ऑगस्टला सकाळी बोट आली. आदल्याच दिवशी ब्रह्मनाळला बोट उलटली होती, त्यामुळे बोटीवरची पोरं एक पिशवी जास्त घेऊ देत नव्हती. कुत्रीचा तर प्रश्नच नव्हता. त्यांचं काही चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. आत्यानं पातेल्यात उरलेला भात ठेवला, दुसरं पातेलं पावसाच्या पाण्याला उघडं ठेवलं आणि बोटीत बसली. आमच्याकडे आल्यावर ती पुराबद्दल फारसं बोललीच नाही. घरात काय गेलं, किती गेलं, काही नाही. एकच वाक्य दिवसातून चार वेळा, "बोट वळली ना, तेव्हा ती कठड्यावर पुढचे पाय ठेवून उभी होती बघ." 14 तारखेला पाणी उतरलं. मी आणि आत्येभाऊ गाळ उपसायला गेलो. जिन्यात गुडघाभर गाळ, आणि तो वास. त्या वासाचं वर्णन करायला मराठीत शब्द नाही आणि नसलेलाच बरा. गच्चीचं दार ढकललं तर ती कोपऱ्यात एका रिकाम्या पोत्यावर बसलेली. भुंकली नाही, पळाली नाही. पळून जाणार कुठं? मी जवळ गेलो तसं तिनं मान भिंतीकडे फिरवली आणि तिच्याखालचं पोतं ओलं झालं. तशीच पोत्यासकट उचलून गाडीत घातली. दुसऱ्या दिवशी राखीपौर्णिमा. त्या वर्षी ती 15 ऑगस्टलाच आली होती. झेंडावंदन करून घरी आलो तेव्हा आत्या अण्णांना राखी बांधत होती, पाटाखाली पाणी आल्यासारखे पाय वर घेऊन बसली होती, आणि दिवाणाखालून दोन डोळे दिसत होते.

मग सुरू झाला आमचा शिकवणी वर्ग.

कुत्र्याला बाहेर शू-शी करायला शिकवणं यात काय अवघड आहे, अशी माझी समजूत. शिक्षकाची समजूत. ठरावीक वेळी न्यायचं, जागेवर केलं की शाबासकी द्यायची, घरात केलं की 'नाही' म्हणायचं. पहाटे नेलं. गल्लीच्या टोकाला ओलं गवत होतं, लाल चिखल होता, वरून भुरभुर. पुरी गवताच्या कडेला येऊन थांबली, एक पाय वर धरून. पाऊण तास मी छत्री घेऊन उभा. घरी आलो, पट्टा काढला, आणि हॉलच्या मधोमध फरशीवर तिनं जे केलं ते थांबेचना. दुपारी तेच. रात्री तेच. एकदा तर 19 तास तिनं धरून ठेवलं आणि मग देवघरासमोर सोडलं. बायको फिनेल ओतायची. त्यानं आमच्या नाकातला वास जायचा, पुरीच्या नाही. ती त्याच जागी जाऊन फिनेलखालचं आपलं बरोबर शोधून काढायची. "बघा कसं तोंड केलंय," बायको म्हणायची, "काय केलंय ते कळतंय हिला." मान खाली, कान मागे, डोळ्यांचे पांढरे दिसताहेत. मलाही पटायचं. हे तोंड मी वर्गात रोज बघतो, गृहपाठ न केलेलं तोंड.

ते तसं नसतं हे खूप उशिरा वाचलं. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजमध्ये अलेक्झांड्रा हॉरोविट्झ या बाईंनी 2009 मध्ये याचाच अभ्यास छापला होता. 14 कुत्री. मालकानं खाऊ समोर ठेवायचा, "खायचं नाही" म्हणून बजावायचं आणि खोलीबाहेर जायचं. परत आल्यावर त्याला सांगितलं जायचं की कुत्र्यानं खाल्लं किंवा नाही खाल्लं, पण सांगितलेलं दर वेळी खरं असेलच असं नाही. अपराधी चेहरा दिसला तो खाऊ खाल्लेल्या कुत्र्यांचा नव्हे, रागावून घेतलेल्या कुत्र्यांचा. आणि न खाता उगाच बोलणी बसलेल्यांचा चेहरा तर सगळ्यात जास्त अपराधी. वाचून मी पुस्तक मिटलं आणि गृहपाठ न केलेली म्हणून ज्यांना मी इतकी वर्षं ओळखत आलो, ती तोंडं एकेक करून आठवायला लागलो. ते फार बरं वाटलं नाही.

मिरजेच्या डॉक्टरांनी आधी लघवी तपासायला सांगितली. आत संसर्ग असेल तर शिकवून काय होणार, म्हणाले. संसर्ग नव्हता. मग विचारलं, "झोपेत सांडते की जागेपणी?" ऑपरेशन झालेल्या माद्यांना कधी कधी झोपेत गळती लागते, ती औषधानं थांबते. जागेपणी, मी म्हणालो. "तुम्ही वाकलात की?" मी गप्प. माझ्या हे लक्षातच आलं नव्हतं. शाळेतून आल्यावर मी वाकून तिच्या डोक्यावरून हात फिरवायला जायचो आणि तेव्हाच तिच्या पायांत थारोळं व्हायचं. डॉक्टर म्हणाले, ही घाण नव्हे, ही शरणागती. 'मी लहान आहे, मला मारू नका' हे कुत्र्याच्या पिल्लाला ज्या भाषेत सांगता येतं ती ही भाषा. यावर रागावलात तर ती तेच आणखी जोरात सांगणार. मग त्यांनी मला जे करायला सांगितलं ते माझ्या धंद्याच्या बरोबर उलट होतं. तिच्याकडे बघायचं नाही. समोर उभं राहायचं नाही. हात वरून न्यायचा नाही. तिच्याकडे पाठ करून जमिनीवर बसायचं आणि आपलं काही तरी करत राहायचं.

तर मी दिवाणाकडे पाठ करून पेपर वाचायला लागलो. शेजारी वाटीत चुरमुरे. बिस्किट टाकलं की फरशीवर टक् वाजायचं आणि ती आणखी आत सरकायची. चुरमुऱ्याला आवाज नाही. (भडंग नव्हे. भडंगात लसूण असते, कुत्र्याला ती चालत नाही. सांगलीत ही सूचना वेगळी द्यावी लागते.) खांद्यावरून मागे एक टाकायचा आणि पान उलटायचं. पहिले काही दिवस चुरमुरे तिथंच. मग सकाळी नसायचे, पण ते मुंग्यांनी नेले की हिनं, सांगता येत नव्हतं. एका संध्याकाळी मागे 'कुरुम' झालं. इतका बारीक आवाज, की पान उलटलं असतं तर बुडाला असता. मी एकच बातमी तीनदा वाचली. पुढे बऱ्याच दिवसांनी कोपराला ओलं, गार काही तरी लागलं आणि मागोमाग ऊन श्वास. मला राहवलं नाही, मी वळलो. झालं. पुन्हा चार दिवस दिवाणाखाली.

तेव्हा नामदेवांची गोष्ट आठवून मला हसू यायचं. आम्ही ती मुलांना शिकवतो. कुत्र्यानं पोळी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन मागे धावले, देवा, कोरडी खाऊ नकोस. भक्ती मोठीच. पण मागून एक माणूस हातात काही तरी घेऊन हाका मारत धावत येतोय, हे त्या कुत्र्याला कसं दिसलं असेल? त्या जागी पुरी असती तर पोळी टाकून पंढरपूर सोडून गेली असती. भुकेल्याला तूप वाढायचं तरी वाढणाऱ्याला आपली घाई आवरावी लागते, आणि आवरत नाही ती प्रेमाचीच घाई. मला तर तिनं जवळ यावं अशी इतकी उतावीळ होती, की माझ्या पाठीलासुद्धा ती दिसत असणार.

शूचा प्रश्न मात्र सुटला तो आत्यामुळे. नवव्या की दहाव्या दिवशी ती वाळत घातलेले कपडे आणायला गच्चीवर गेली, मागोमाग पुरी. गाडीतून आणलेलं ते पोतं बायकोनं नाकाला पदर लावून गच्चीच्या कोपऱ्यात टाकलं होतं. पुरी सरळ त्याच्यावर जाऊन बसली आणि मोकळी झाली. आत्यानं वरूनच हाक मारली, "अरे, तिला पोतं हवंय! तिकडं पण ती पोत्यावरच करायची की!" आम्ही दोघं शहाणे मात्र डॉक्टर, फिनेल आणि गवत यांत अडकलो होतो. त्या कुत्रीनं नऊ दिवस सिमेंट आणि पोतं एवढीच जमीन बघितली होती. बाकी सगळं पाणी. पायाखाली ओलं आणि मऊ काही लागलं की तिच्या लेखी तो पूर असणार, तिथं कोण बसतं? फरशी निदान गच्चीसारखी टणक तरी होती. म्हणजे घरात येऊन करण्यात ती तिच्या मते फार नीट वागत होती.

मग ते गोणपाट आम्ही शिकवलं. म्हणजे आधी गच्चीवर. अगदी पहाटे, जेवणानंतर, झोपून उठली की, दर वेळी तिथंच. तिनं पहिल्यांदा केलं तेव्हा मी "शाब्बास!" म्हणालो, तर ती अर्ध्यावर थांबली आणि पळाली. त्यानंतर शाबासकी म्हणजे काही न बोलता ठेवलेला एक चुरमुरा, तोही झाल्या झाल्या, दोन सेकंदांत. नंतर दिला तर तो कशाचा हे तिला कळत नाही. मग गोणपाट खाली अंगणात शेवग्याखाली. शेजारचे विचारायचे, "सर, धान्य वाळवताय?" मग दर आठ दिवसांनी कात्रीनं चार बोटं कमी. दसऱ्याला ते पंचाएवढं उरलं होतं, दिवाळीला हातरुमालाएवढं. एक दिवस पाऊस उघडलेला असताना मी ते ठेवायला विसरलो आणि पुरीनं गवतात पाय ठेवला, हुंगलं, गोल फिरली आणि बसली. तो हातरुमाल मी टाकायला निघालो तर बायको म्हणाली, "राहू दे हो, लागेल कशाला तरी." आमच्या घरात या वाक्यावर अपील नाही. धुऊन, घडी घालून ते माळ्यावर गेलं.

2021 च्या जुलैत पुन्हा पाणी आलं, पुन्हा गावभाग बुडाला. आत्या या वेळी बोलणी न करता दोन दिवस आधीच आमच्याकडे आली. गल्लीत रात्रंदिवस ट्रॅक्टर, जनावरं, भोंगे. मला पुरीची धास्ती. पण पुरी आत्याच्या पायाशी घोरत होती. म्हणजे विसरली, असं आम्ही ठरवून टाकलं.

बी.एड.ला कोल्हापुरात असताना पावलोव्ह आम्ही तीन शब्दांत पाठ केला होता: घंटा, अन्न, लाळ. (घंटा वाजवून अन्न देत गेलं की पुढे नुसत्या घंटेनंही कुत्र्याला लाळ सुटते, हे दाखवणारा रशियन शास्त्रज्ञ.) परीक्षेला हमखास. नोट्समध्ये जे नव्हतं ते मागच्या वर्षी कळलं. 1924 चा सप्टेंबर, नेवा नदीला पूर आला. शहराचं नाव त्याच वर्षी लेनिनग्राद झालेलं. पावलोव्हच्या प्रयोगशाळेतली कुत्री पिंजऱ्यांत अडकली, पाणी चढत गेलं, आणि माणसांनी त्यांना पाण्यातूनच बाहेर काढून मुख्य इमारतीत नेलं. कुत्री वाचली. पण काहींचं शिकलेलं सगळं पुसून गेलं. घंटा वाजली तरी लाळ नाही, अन्नाकडे बघणंसुद्धा नाही. ज्यांचा स्वभाव मुळात भित्रा, त्यांचे हाल जास्त. हळूहळू पुन्हा शिकवून ती पूर्ववत झाली. मग त्या लोकांनी एक केलं. कुत्रं खोलीत असताना दाराखालून पाण्याची एक बारीक धार आत सोडली. पूर नव्हे, धार. आणि कुत्रं पुन्हा कासावीस झालं, शिकलेलं पुन्हा गेलं. वाचताना मी म्हणालो होतो, काय दुष्ट माणसं. आणि जुलैतल्या त्या रात्री, तीन वाजता, दाराखालून तीच धार मी माझ्या घरात सोडली. 2021 च्या 54-55 फुटांच्या नदीनं जिला काही झालं नव्हतं तिच्यासाठी एक उघडा नळ पुरला. वर माझा तो आवाज.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना नवीन नळ घ्यायला गेलो. आता या दुकानदाराचं सांगायला हवं. 1996 साली, माझ्या नोकरीचं पहिलं वर्ष, पाचवीच्या वर्गात हा दुसऱ्या बाकावर बसायचा. बारीक, तेल लावून चप्प भांग. मी सतराचा पाढा घेत होतो. मारायचो नाही मी, तेव्हाही नाही, याचा मला अभिमान होता. सतरा पाचे पंच्याऐंशी, इथं तो अडकला. मी चालत त्याच्या बाकापाशी गेलो, वाकलो, एक हात बाकावर ठेवला आणि म्हणालो, "पुढे?" मला वाटतं मी हसतच म्हणालो होतो. त्यानं मान भिंतीकडे फिरवली. बाकाखाली पाणी पडल्याचा आवाज आला. आणि मी, कळलं नाही म्हणून, खरंच कळलं नाही म्हणून, सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "कुणाची बाटली सांडली रे?" मग सगळ्यांनी वाकून बघितलं. तो आठ दिवस आला नाही. आल्यावर शेवटच्या बाकावर बसला आणि दहावीपर्यंत तिथंच बसला. मला पुढची कितीतरी वर्षं वाटत होतं की त्यात माझा काही दोष नव्हता. मी तर नुसता वाकलो होतो.

आता त्याचं मोठं दुकान आहे, नळ, पाइप, रंग, सगळं. मला बघितलं की गल्ल्यावरून उठतो. आम्ही दोघं ती गोष्ट कधी काढत नाही. त्याला आठवते की नाही हे मला माहीत नाही आणि विचारायची हिंमत नाही. त्यानं चार नळ काउंटरवर मांडले. "सर, हा न्या. पाव फेऱ्याचा आहे, उघडा राहिला तर दांडा आडवा दिसतो, पाणी नसलं तरी कळतं. अण्णांना सोपा." त्याला अण्णांचं कसं माहीत, तर गेल्या महिन्यात ते दोन वायसर घेऊन गेले होते. पैसे देताना त्यानं विचारलं, "पाना आहे का सर घरी? सोळा-सतराचा लागेल." मी त्याच्याकडे बघितलं. तो बिल लिहीत होता. नाही म्हणालो. त्यानं स्वतःचा दिला, परत आणून द्या म्हणाला.

नळ बसला. पुरी मात्र दिवाणाखालून रात्रीचीच बाहेर यायची. पॅसेज ओलांडायची नाही, अंगणात न्यायला पट्टा हातात घेतला की भिंतीला चिकटायची, आणि सकाळी गच्चीच्या दारापाशी फरशीवर थारोळं. बायको आता फिनेल ओतत नाही, दुकानातलं निराळं औषध मिळतं त्यानं पुसते, न बोलता. तिसऱ्या दिवशी आत्याचा फोन आला. अण्णांनी सांगितलं असणार. मी म्हणालो, सहा वर्षांचं सगळं पाण्यात गेलं बघ. "पाण्यात कशाला जातंय," आत्या म्हणाली, "पोतं टाकलंस की काय फेकून?"

रविवारी पहाटे स्टुलावर चढून माळ्यावरून ते काढलं. हातरुमालाएवढं, डांबरगोळीचा वास लागलेलं. नऊ-दहा दिवस पुरून उरलेल्या पोत्याचा तेवढाच तुकडा. तो पुरेल असं वाटेना, म्हणून शेजारी किराणावाल्याकडचं एक अख्खं गोणपाट अंथरलं आणि त्याच्या मधोमध हा ठेवला. गच्चीचं दार उघडं टाकलं. चुरमुऱ्यांची वाटी आणि पेपर घेऊन दाराकडे पाठ करून बसलो. सिमेंट गार होतं, पायजमा लगेच ओला झाला. खालून दूधवाल्याची मोटरसायकल गेली. बऱ्याच वेळानं जिन्यात नखं वाजली, थांबली, पुन्हा वाजली. दारात थांबलेली असणार. ती हुंगत असल्याचं ऐकू येत होतं. पावसाचे चार टपोरे थेंब पेपरवर पडले. छोट्या जाहिरातींचं पान होतं, कुणाला तरी विट्याच्या बाजूला दोन गुंठे विकायचे होते. मागे, अगदी जवळ, गोणपाटावर पावसापेक्षा जाड असा एक आवाज सुरू झाला आणि बराच वेळ चालू राहिला. मी वाटीतला एक चुरमुरा घेतला, न वळता खांद्यावरून मागे टाकला आणि दोन गुंठ्यांचा भाव काय लावलाय ते बघायला लागलो.